कोळशाची मोटार आणि रुख्माचं लुगडं

लढाईच्या काळात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा गोंदिया-देवरी सर्व्हिस मोटार कोळशावर बंद पडू लागली. त्याआधी ती पेट्रोलवर चालत असे.

मोटार टेकचंद सेठची होती, चालवायचा यादोराव. सेठने मोटारीच्या मागे माणसाएवढी लोखंडी टाकी बसवून घेतली. दरेकशाहून रेल्वेने आलेला लाकडी कोळसा तिच्यात पेटवायचा, त्याचा गॅस नळीने इंजिनात जायचा. गॅसबरोबर राखही जायची. मग चढणीवर इंजिन खोकायचं आणि उतारू खाली उतरून चालू लागायचे. कुणी तक्रार करत नसे. चालणारे बहुधा आधी पोचत.

राख अडवायला यादोरावने नळीच्या वाटेत एक पेटी बसवली आणि तिच्यात आपलं धोतर घातलं. ते जळालं. गॅस फार गरम होता. मग त्याने नळी टपावरून फिरवून पेटी पुढे आणली. वाऱ्याने नळी थंड राहू लागली, दुसरं धोतर जळलं नाही. पण गिरणीचं कापड विरळ, राख आरपार जायची.

घरात घट्ट विणीचं एकच कापड होतं. बायकोचं, रुख्माचं, हातमागाचं लुगडं. ते तिच्या आईने दिलेलं होतं. रुख्मा देवरीला माहेरी गेली होती. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून यादोरावने विचारलं नाही.

मोटार चढण चढली. उतारू आत बसूनच राहिले. सेठ म्हणाला, “अब रुकनी नहीं चाहिए.”

रुख्मा परतली ती याच मोटारीने. आमगावच्या अलीकडे यादोरावने राख झटकायला पेटी उघडली, तेव्हा ती पाय मोकळे करायला खाली उतरली होती. तिने काठ ओळखला.

“हा माहा लुगडा हाय?”

“हाय.”

“कायले?”

“मोटार त्याच्यावर चालून राहिली.”

रुख्माने लुगडं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. कडेने राख निसटल्याचे काळे पट्टे होते.

“कोंबला कायले?” ती म्हणाली. “शिवला काऊन नाही?”

ती यादोरावकडे पाठ करून मोटारीत चढली. घरी पोचल्यावर तिने लुगडं धुतलं, कापलं आणि पेटीच्या मापाची दुपदरी पिशवी शिवली. यादोरावला वाटलं, राग गेला. तो गेला नव्हता. पिशवी शिवताना ती रडली होती, हे त्याला शेजारणीकडून कळलं. त्याने माफी मागितली. तिने सेठकडून कोष्ट्याचं जाड कापड आणायला सांगितलं, कारण एक पिशवी धुऊन वाळेपर्यंत दुसरी लागणार होती.

पुढे बाकीचे ड्रायव्हरही पिशव्या शिवून घ्यायला येऊ लागले. ते यादोरावला नमस्कार करून रुख्माशी बोलायचे.

लढाई संपली, हळूहळू पेट्रोल आलं, टाकी भंगारात गेली. यादोराव तरी पहाटेच उठायचा आणि कोळसा पेटवायचा नाही हे आठवून अंगणात बसायचा. रुख्माला तेव्हा एका राइस मिलचं काम मिळालं होतं, कोंड्याची धूळ अडवायच्या पिशव्यांचं. पिशवीचं तोंड उघडं राहायला बांबूची गोल कडी लागे. ती यादोराव वळून द्यायचा. वाकडी झाली की रुख्मा परत करायची.