डोक्यातली शेजारीण

गल्लीत कुजबूज अशी होती, की बाइंडिंगखान्यातला दीडहात जेवणाच्या सुट्टीत शेजारणीकडून गाल कुरवाळून घेतो. डोळे मिटून, म्हणे. हे 'म्हणे' मी सभ्यपणापोटी घातलं. सांगणाऱ्यांनी तेवढंही घातलं नव्हतं.

दीडहात हे नाव कागद कापायच्या मशीनची कृपा. पात्याखाली गठ्ठा सरळ करताना उजवा पंजा मनगटाशी साफ गेला. तसे पावणेदोन हात उरले होते, पण गल्लीचे अपूर्णांक कच्चे. मालक दयाळू, लाल झालेला गठ्ठा रद्दीत घातला आणि ह्याला दारावर राखणीला बसवलं.

पंजा गेला, पण जाऊनही गेला नाही. नसलेली मूठ आवळलेलीच राहायची, नसलेली नखं नसलेल्या तळव्यात रुतायची. घास चावायला लागला की ती बोटं चुळबुळायची. हातातोंडाची गाठ म्हणतात ती अशी कुणाची पडू नये.

एकदा सलूनमध्ये गालावर साबणाचा ब्रश फिरला आणि मूठ अलगद उघडली. लगेच वस्तरा लागला, तसा हा ओरडला, "अंगठा! माझा अंगठा कापला!" न्हावी बिचारा खाली वाकून अंगठा शोधायला लागला.

डॉक्टरने समजावलं, "मेंदूत हाताची खोली आणि चेहऱ्याची खोली शेजारीशेजारी. हाताची ओस पडली, शेजाऱ्याने तिथे पथारी पसरली. आता गालाला लागलेलं हाताला कळतं."

स्वतः गाल चोळून काही होईना. आपल्याच हाताने आपल्याला कुठे गुदगुल्या होतात? मग घरी येऊन बायकोला म्हणाला, "अगं, माझ्या डोक्यात शेजारी घुसलाय. जरा गालावरून काहीतरी फिरव ना."

"शेजारी की शेजारीण?" ती म्हणाली. "आणि मेलेल्या हाताला मी शिवायची नाही. रात्री तो माझा गळा धरेल."

ती थट्टा करत नव्हती. खरंच घाबरत होती. पण शेजारीण हा शब्द तिच्या तोंडून गेला तो तिच्याच कानात परत आला आणि तिथेच मुक्काम करून राहिला.

शेजारीण होतीही. त्याच बाइंडिंगखान्यात पुठ्ठ्यांना खळ लावायची. तिने ह्याला दातओठ आवळून बसलेला पाहिला, विचारलं, आणि खळीचा रुंद ब्रश कोरडा करून आणला. "भाऊ, डोळे मिटा. ब्रशचे केस जातील." रोज एवढंच. आमच्या लोकांना मिटलेले डोळे दिसले. 'भाऊ' कुणाला ऐकू आलं नाही.

बातमी बायकोपर्यंत पोचवायला माणसं कमी पडली नाहीत. भर सुट्टीत ती आत शिरली. तो म्हणाला, "अगं, ही वहिनी फक्त..." तेवढ्यात त्याच गालावर थाडकन चपराक बसली.

नेमकी त्या वेळी मूठ घट्ट होती. ती एका झटक्यात सुटली. ह्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"उघडली!" तो हसत म्हणाला. "अगं, अजून एक दे ना!"

सगळा बाइंडिंगखाना खो खो हसला. बायकोने आजवर त्याला 'अहो'च म्हटलं होतं.

"लाज कोळून प्यायलास तू," ती म्हणाली आणि तशीच माहेरी गेली. निरोप गेले, मध्यस्थ गेले. ती आली नाही. शेजारणीला तिच्या नवऱ्याने काम सोडायला लावलं.

मग कामगारांना चाळाच लागला. "दीडहात, हात मोकळा करून देऊ?" म्हणायचे आणि चापट ठेवून द्यायचे. सुरुवातीला हा आपणहून गाल पुढे करायचा. पुढे मूठ चापटीला दाद देईना. चापटा थांबल्या नाहीत.

आता खरं काय ते. शेजारणीने त्याच्या गालाला कधी बोटही लावलं नाही. खळीचा कोरडा ब्रश होता. तो गालावरून फिरला की तुटलेल्या हाताचं दुखणं थांबायचं.