पंखा आणि एक ट्यूब

सांगवीच्या आमच्या घरात इन्व्हर्टर आला तो आक्काच्या बाळंतपणासाठी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार लाईट जायची आणि त्याबद्दल आता कुणी कुरकुरतही नव्हतं. पण पत्र्याच्या घरात, भर चैत्रात, ओली बाळंतीण आणि तान्हं बाळ पंख्यावाचून कसं ठेवायचं? माझे वडील, आबा, आयुष्यात कशाला घाबरले नसतील एवढे या प्रश्नाला घाबरले. एके दिवशी बारामतीला गेले आणि एक लोखंडी पेटी आणि भलीमोठी बॅटरी घेऊन आले.

बसवायला आलेला मेकॅनिक मोजकं बोलणारा होता. मधल्या खोलीत पेटी ठेवून त्यानं दोनच गोष्टी सांगितल्या. पेटीला सगळीकडून हवा लागू द्या, तापली की तिची ताकद कमी होते. आणि पंखा आणि एक ट्यूब, याच्यावर लोड टाकू नका. आईनं लगेच पेटीशेजारी भिंतीला लावलेला लोड उचलला आणि ओसरीवर नेऊन ठेवला. पाहुण्यांना टेकायला आमच्याकडे तो एकच लोड होता. मेकॅनिक बघतच राहिला. मी हसत सुटले म्हणून आईनं माझ्यावर डोळे वटारले.

"आये, लोड म्हंजी करंटचा भार," आक्कानं तिला समजावलं. "इस्त्री, मिक्सर लावायचा न्हाय त्येच्यावर." तिनं भिंतीवर खडूनं लिहूनही ठेवलं, पंखा आणि एक ट्यूब. पंख्याच्या बोर्डावर एक मोकळा प्लग होता, त्याच्या तोंडावर आबांनी चिकटपट्टी मारली.

हवेची गोष्ट मात्र आबांच्या गळी उतरेना. आमच्या घरात जी वस्तू मोलाची, ती झाकायची. रेडिओला आईनं विणलेली झालर होती, शिलाई मशीनला जुन्या साडीचं पांघरूण होतं. आजोबांपर्यंत आमच्यात मेंढरं होती, त्यांच्याच लोकरीचं एक काळं घोंगडं आबांनी जिवापाड जपलं होतं. ते त्यांनी पेटीवर घातलं. तिसऱ्या दिवशी पेटी टीं टीं करून बंद पडली. हात लावला तर चटका बसला.

"तिला थंडी वाजतीय का, आबा?" मी फणकारले.

"अगं, धूळ बसती," ते म्हणाले.

शेवटी तडजोड झाली. लाईट असेल तोवर घोंगडं घालायचं, लाईट गेली की काढायचं. चार्जिंग होतानाही पेटी तापायचीच, पण तेवढं आम्ही त्यांचं चालवून घेतलं.

आक्काच्या लग्नानंतर दीड वर्ष मी त्या खोलीत एकटी झोपले होते. कुणाशी भांडायला नाही, कुणाचं पांघरूण ओढून घ्यायला नाही. आता बारा ते चार आम्ही सगळे त्या एका पंख्याखाली. आक्का बाजेवर, बाळ तिच्या कुशीत, आई तांदूळ निवडतेय, आणि मी कॉलेजचं पुस्तक उघडं टाकून आक्काशी गप्पा मारतेय. आबा अर्ध्या अर्ध्या तासानं येऊन, लेकराचा ताप बघावा तसा पेटीच्या अंगावर हात ठेवायचे. लाईट आली की मला वाईट वाटायचं, कारण मग सगळे उठून आपापल्या कामाला लागायचे. आजही चैत्र लागला की मला त्या दुपारी हव्याशा वाटतात, उकाड्यासकट.

बारशाला इंदापूरहून आक्काचे सासरे आले होते, तेव्हाच त्यांनी विषय काढला होता. "पत्र्याखाली पोर भाजंल, आबा. आमचं धाब्याचं घर, गारेगार. सव्वा म्हैना झाला की न्हेतो."

आबांना ते लागलं. "तीन म्हैनं माझी लेक हितं ऱ्हाणार," ते म्हणाले. "पंखा बंद पडल्याला दिसला तर त्याच दिवशी घिऊन जावा." शब्द दिला गेला. मला आबांचा राग आला होता आणि भीतीही वाटली होती.

सव्वा महिना झाला आणि व्याही खरंच आले. आबांनी त्यांना ओसरीवर मुद्दाम अशा जागी बसवलं, की उघड्या दारातून फिरणारा पंखा दिसावा. बारा वाजता लाईट गेली. पंखा क्षणभर अडखळला आणि पुन्हा फिरू लागला. आबांनी व्याह्यांकडे बघितलं. व्याही टॉवेलनं मान पुसत राहिले. मी आणि आई स्वयंपाकघरात होतो. पोळ्या लाटता लाटता मी मनात म्हटलं, जिंकलो.

तेवढ्यात टीं टीं ऐकू आलं, मग जळका वास आला. मी धावत मधल्या खोलीत गेले. पंखा थांबत आला होता. आक्का दाराआड बोर्डापाशी, बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. आणि पेटीवर घोंगडं तसंच होतं. पाहुण्यांच्या आगतस्वागतात आबा ते काढायला विसरले होते.

मी ते ओढलं आणि दारात आलेल्या आबांच्या पायाशी फेकलं. "घाला, अजून एक घाला," मी व्याह्यांसमोर म्हणाले. "तुमीच घालवली आक्काला." आबा वाकून घोंगड्याची घडी घालत राहिले.

व्याही भले होते. "गरमीच लई हाय, तुमचा काय दोस," एवढंच म्हणाले. पण शब्द तो शब्द. संध्याकाळी आक्का बाळाला घेऊन इंदापूरला गेली. एसटी निघाल्यावर आबा बराच वेळ फाट्यावरच उभे होते.

पेटी दुरुस्त झाली, पुढे कितीतरी वर्षं चालली. आक्का येत राहिली, पण दोन दिवसांसाठी, चार दिवसांसाठी. दर उन्हाळ्यात आबा एकदा तरी म्हणायचे, "माझ्या हातानं लेक घालवली मी." मी कधी नाही म्हटलं नाही. मला ते खरंच वाटायचं.

आबांच्या वर्षश्राद्धाला आक्का आली होती. भांडी आवरताना मी त्या दुपारचा विषय काढला. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"घोंगड्यानं न्हाय गं," ती म्हणाली. "मी चिकटपट्टी काढून इस्त्री लावली हुती. पेटी वरडली तशी उपसली आन् पट्टी परत चिकटवली."

मला आधी कळेचना. "का?"

"ह्यांच्याकडं जायचं हुतं मला. बारशाला घटकाभर आलं ते, मंग भेट न्हाय. तुमी समदी एवढं जपत हुता, जाते म्हणायला तोंडच न्हवतं."

"आणि आबांना?"

"सांगणार हुते. दर खेपेला सांगणार हुते."

मी तिच्यावर चिडले, मग घोंगडं आबांच्या पायाशी फेकून मी जे बोलले होते ते आठवलं आणि चिडायचंही बळ राहिलं नाही. पंख्याखालच्या त्या दुपारी मला जेवढ्या हव्या होत्या, तेवढ्या तिला नको होत्या, हेच मला आयुष्यभर सुचलं नव्हतं. आणि तरीही, समोर बसलेल्या तिला मला जाऊ द्यायचं नव्हतं.

"आता तरी आठ दिवस ऱ्हा," मी म्हणाले.

"व्हय, ऱ्हाते की," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं इंदापूरला गेली.