एका खाटेला दोन माणसं

“एका खाटेला दोन माणसं. एक निजलेलं, एक हात धरलेलं. बाकीची बाहेर व्हा,” नर्सबाई ओरडत होत्या. त्या आवाजानं गल्लीतले हातमाग थांबले. मी तर म्हणेन, गिरणीचा भोंगासुद्धा दचकून पाच मिनिटं आधी वाजला. आत म्हातारा विणकर शेवटचे श्वास घेत होता आणि सगळं गणगोत त्याच्या उशाशी दाटलं होतं.

आमच्या दवाखान्यात घरोघर जाणारी नर्स ही एकच. मी तिथला कारकून. एकदा तपासणीचे साहेब आले. एवढे अंथरुणाला खिळलेले आजारी एकटी नर्स कशी बघते, हे त्यांना उलगडेना.

“एकटी कुठं? अकरा जण हायत की,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी हजेरीवही उलटी धरली, सुलटी धरली, चष्मा पुसला. नाव एकच. घामाघूम होऊन गेले बिचारे.

उरलेले दहा म्हणजे आम्ही. मी, कोपऱ्यावरचा शिंपी, त्या विणकराची विधवा, असेच शेजारपाजारचे. गिरणीच्या भोंग्यावर बाईंनी आमच्या पाळ्या लावलेल्या. “करायचं काय न्हाय. ओठ ओले करायचे, हात धरायचा. सोडवणारा आल्याबिगर उठायचं न्हाय.”

एकदा मला सोडवायला कुणी आलंच नाही. मी एका आजीचा हात इतका वेळ धरून बसलो की ती कंटाळून बरी झाली आणि मलाच म्हणाली, “चहा टाकू का?”

“बाई, पाळ्या कागदावर लिहा,” मी म्हणायचो.

“कागद कशाला? मी हाय की.”

मग बाईच अंथरुणाला खिळल्या. मागंपुढं कुणी नाही. दोन दिवस पडल्यापडल्या स्वतःच्या उशाशी बसायच्या आमच्या पाळ्याही त्यांनीच लावल्या. तिसऱ्या दिवशी वाचा गेली.

दुपारचा भोंगा झाल्यावर मी निवांत बाईंच्या घराकडं निघालो. शिंपी तिथं असणार, खात्रीच होती. तो वाटेतच भेटला.

“तुमी हितं? मग तितं कोण?”

आम्ही धावलो. बाकीचेही आपापल्या खात्रीनं चालत येत होते. दारात सगळे गोळा झालो. आत बाई गेलेल्या. एक हात खाटेबाहेर, तळवा उघडा. शेवटी कोण होतं जवळ, का कुणीच नव्हतं, मला अजून कळलेलं नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवत होता.

“आज पाळी कुणाची होती?” मी ओरडलो.

विणकराची विधवा म्हणाली, “पाळ्या बाई लावायच्या.”