वाघबारशीला तळ्यावर

टेम्पोत आमची भांडी चढली तेव्हा तुम्ही पाड्यावरचे सगळे ओळीने उभे होतात. पेठच्या त्या उतारावरची खालची घरं धरणाच्या नव्या तळ्यात जाणार होती, वरची राहणार होती. आम्ही खालचे. "मागं वळून बघू नका, जीव अडकतो," बाबा म्हणाले, आणि स्वतःच नाशिक येईपर्यंत मागे बघत राहिले. सातपूरच्या खोलीत ते फार टिकले नाहीत. सुटले बिचारे.

आता त्या तळ्याभोवती निसर्ग उद्यान झालंय. तिकीट, फरशीच्या पायवाटा, ‘वॉकिंग ट्रेल’ची पाटी, पेडल बोट. रविवारी नाशिकची माणसं गाड्या भरून जातात, तळं बघून "वॉव" म्हणतात आणि कुरकुरे खातात. माझ्या ऑफिसातली एक म्हणाली, "तू तिकडचीच ना? लकी आहेस गं!" मी हसले. काय करणार, रोज तिच्याच शेजारी बसायचंय.

आईचा धोशा एकच होता: दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीला वाघदेवाला शेंदूर लावायचा. बाबा गेल्यापासून ते राहिलं होतं. गुरं राखणाऱ्या घराचा तो मान, आणि पाड्यावर ते घर आमचं. "गुरं नायत, पाडा नाय, पर मान तर हाय ना!" म्हणून जीव खायची. या वर्षी नेलं तिला. पिशवीत शेंदूर, नारळ आणि डब्यात नव्या तांदळाचा भात.

वाघदेवाचा लाकडी खांब तळ्याकाठी दिसला. सिमेंटच्या चौथऱ्यात रोवलेला, शेजारी ‘सेल्फी पॉइंट’ची पाटी. त्याचं तोंड रानाकडे असायचं, वाघाला अडवायला. आता पार्किंगकडे केलंय, फोटो चांगला येतो म्हणून. आई बघतच राहिली. "रानाला पाठ देऊन उभा केलाय मुडद्यांनी!" ती चपला काढून चौथऱ्यावर चढली, बोटावर शेंदूर घेतला, आणि शिट्टी वाजली.

शिट्टी काशिनाथची. तुमच्यातलाच, वरच्या घरातला, माझा मामेभाऊ. त्याची आई बाळंतपणात गेली तेव्हा माझ्या आईने मला आणि त्याला बरोबरच अंगावर पाजलं होतं. अंगात खाकी गणवेश, मागे त्याचे साहेब उभे. त्याला बघून आईचा चेहरा केवढा फुलला! तो जवळ आला, तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "ओ आजी, खाली उतरा. हात लावायची परवानगी नाय."

आत्या म्हणाला नाही. आजी म्हणाला, कुठल्याही म्हातारीला म्हणावं तसं.

आईने बोट लुगड्याला पुसलं. "उतरते, साहेब." अंगावर पाजलेल्या पोराला साहेब! मी तोंड उघडणार तर तिने माझा दंड असा आवळला की वळ उठले. सेल्फीवाली पोरं खोळंबली होती. त्यांना तिनेच बाजूला होऊन वाट दिली.

परतताना मी म्हणाले, "साहेबासमोर घाबरला असंल." माझं मलाच ते खोटं वाटलं. आईने डबा उघडला आणि देवासाठी आणलेला भात खाल्ला. मग म्हणाली, "मी मेले तर काशिनाथला कळवू नको. वाटंवरच्या म्हातारीचं सुतक नसतं."

मी बरं म्हणाले. पाड्यावरच्यांनो, हे कोणी त्याला वाचून दाखवणार असाल तर खुशाल दाखवा. ती गेली तर तुम्हालाही कळवणार नाही. आमचं घर आता सातपूरला आहे, आणि त्या घरात आम्ही दोघीच.