कॉलनीचा पितळी गंज

बाळांनो, काल समई चिंचेने घासताना तो वास आला आणि जुना राग उसळला. भंडाऱ्याबाहेरच्या आमच्या कॉलनीत सगळ्या जातीधर्मांची घरं होती आणि लग्नकार्याच्या स्वयंपाकासाठी सगळ्यांचा मिळून एक मोठा पितळी गंज, म्हणजे पातेलं, होता. आमच्या बौद्ध शेजारणीने आपल्या थोरल्या मुलीच्या लग्नानंतर तो लखलखीत करून परत आणला, तर कॉलनीच्या सेक्रेटरींच्या बायकोने तिच्यादेखत तो पुन्हा चिंच लावून घासायला घेतला. शेजारणीने विचारलं, “काहून वो बाई, मी घासूनच आणला ना?” “आमची रीत आहे,” उत्तर आलं. मी भडकले. “काल यातलीच खीर दोन वाट्या ओरपली ना? मग पोटही घासून घ्या!” बायका हसल्या, शेजारीण हसली नाही. धाकटीच्या लग्नाला, पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या या गावात राहून, तिने भांडी नागपूरहून भाड्याने आणली. तिचा अपमान हसण्यावारी नेणाऱ्या त्या बायकांना मी आजही माफ केलेलं नाही.