न बोलावलेल्या पाहुण्याचं ताट

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. आज तुम्हाला सांगतेय — नि सांगतानाही स्वतःचा राग येतोय.

साठ-बासष्ट सालची गोष्ट. आखातात, दुखानला, तेलकंपनीच्या वसाहतीत आम्ही रत्नागिरीकडची दोन बिऱ्हाडं एकाच घरात राहायचो — मी, आणि माझी थोरली जाऊ, हाजराभाबी. दोघींचे नवरे कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून. मी इंग्रजी शिकले ती डिक्शनरी उशाशी घेऊन. माझ्या वाट्याच्या भाकऱ्या भाबी भाजायची, म्हणून जमलं. मग मी वसाहतीतल्या बायकांना शिकवू लागले. भाबी सगळ्यांच्या पुढे बसायची. शिवाय पोलंडच्या एका इंजिनियरची बायको होती, हांका मॅडम — तिला मी तिच्या घरी जाऊन शिकवायची. मेमसाहेबाची मास्तरीण! काय तो माझा तोरा — थू.

त्या साली मॅडमने मला नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवायला बोलावलं. त्यांच्यात त्या दिवशी मटण चालत नाही, मासळीच. म्हणजे हलालची माझीही पंचाईत नव्हती. मेजावरच्या चादरीखाली मूठभर सुकं गवत पसरलेलं — त्या वाळवंटात तिने कुठून मिळवलं, अल्ला जाणे. पापडासारखी पातळ, पांढरी वडी एकमेकांच्या हातातली मोडून खायची नि समोरच्याचं भलं चिंतायचं. आणि एक ताट जास्तीचं मांडलेलं. कुणासाठी? तर न बोलावता जो दारात येईल, त्याच्यासाठी. मॅडम म्हणाली, लढाईत भाऊ हरवला तेव्हापासून ती हे ताट न चुकता मांडते. पण त्याच्यापुढे आजवर कुणी बसलेलं नाही.

तेवढ्यात दार वाजलं.

भाबी! मी रिकाम्या हाताने आले, हे बरं दिसत नाही, म्हणून मागोमाग तांदळाची गरम सांदणं घेऊन चालत आलेली. साडीला पीठ, पायात दादांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, चपला. मॅडमचे डोळे भरून आले. तिने त्या ताटापुढची खुर्ची ओढली. आणि भाबीने — आठवडाभर माझ्याकडूनच घोकून घेतलेलं वाक्य — माझ्याकडे बोट करून म्हटलं, "धिस इज माय सिस्टर."

मेजाभोवती साहेबलोक, त्यांच्या बायका. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आणि मी — हसले. म्हटलं, "नो नो, मॅडम. शी इज माय सर्व्हंट."

का? कुणी मानगूट धरली होती माझी? जिभेला हाड नव्हतं, की मला लाज नव्हती?

भाबीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सांदणं मेजावर ठेवली, पदर खोचला, नि सरळ आत जाऊन भांडी घासायला लागली. माझं खोटं तिने खरं करून दिलं — कळतंय का तुम्हाला? मॅडम खुर्चीची पाठ धरून तशीच उभी. आणि मी जेवले. बारा पदार्थ होते, बाराही खाल्ले. आतून नळाचा आवाज येत होता.

परतीच्या वाटेवर भाबी एवढंच बोलली, "तो शब्द मला ठावूक होता गो."

दुसऱ्या दिवसापासून ती शिकायला बसली नाही. बायका विचारायच्या, हाजराभाबी का नाही येत? मी सांगायची — अहो, तिच्या डोक्यात इंग्रजी शिरतच नाही. सगळ्या हसायच्या. भाबी आतल्या खोलीत असायची, ऐकायची. ती वारेपर्यंत मी हेच सांगत होते.