धाकट्या जावेची पारख

माझ्या सासरी पूर्वी हातमाग होते. मी लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा त्यातला एकच उभा होता, आणि त्यावरही कोणी बसत नव्हतं. माझ्या नवऱ्यानं कामठी रोडला टिनाच्या शेडमध्ये गाड्यांच्या गाद्या शिवायचं दुकान टाकलं होतं. ट्रकचं काम यायचं, एखादी कारही यायची, पण खरं पोट चालायचं ते जिपांवर. सत्तरच्या आसपासची गोष्ट. जंगलाचे ठेकेदार, खदानवाले, खेडोपाडी फिरणारे साहेब लोक, सगळ्यांकडे जिपा. त्या डांबरी रस्त्यावर कमी आणि नाल्यांतून, दगडांवरून जास्त चालायच्या. आतून बघितलं तर नुसता पत्रा. बसणाऱ्याला जे काही सुख मिळायचं ते गादीवरच्या रेक्झिनचं, डोक्यावरच्या कॅनव्हासच्या हूडचं आणि पायाखालच्या रबरी चटईचं. हा माल निवडायचं काम माझं होतं.

ते माझ्याकडे आलं कारण मी विणकराची मुलगी. कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायची सवय. रेक्झिनचंही तसंच असतं. वरून सगळं चकचकीत, खरी गोष्ट पाठीच्या कापडात. ते विरळ असेल तर वरचा थर कितीही जाड असो, पहिल्या उन्हाळ्यात तडकतो. इतवारीच्या बाजारातला व्यापारी थान उलगडायचा आणि माझ्या नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "वहिनीले दाखवा, मंग कापा." नवऱ्यानं तोंडानं माझं कौतुक कधी केलं नाही, पण मी मान हलवल्याशिवाय त्यानं कात्रीही लावली नाही. मला तेवढं पुरत होतं.

मग दिराचं लग्न झालं. मुलगी उमरेडची, तीही विणकर घरातली. सावळी, बारीक, बोलायला कमी. दुकानात टाके घालायला हात कमी पडत होते, म्हणून मीच तिला सोबत न्यायला लागले.

आमच्याकडे भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बाईनं तोंड उघडून बोलायची रीत नव्हती. माझा नवरा समोर आला की ती पदर पुढं ओढायची आणि जे सांगायचं ते मला सांगायची. ते मी नवऱ्याला सांगायचं. तो तिथंच उभा असायचा, त्याला सगळं ऐकू गेलेलं असायचं, तरी रीत म्हणजे रीत.

तिच्या पहिल्याच उन्हाळ्यात व्यापाऱ्यानं विटकरी रंगाचं एक थान दुकानात पाठवलं. मी उलटं करून पाहिलं, पाठ चांगली घट्ट होती. मी मान हलवली, नवऱ्यानं कात्री उचलली. तेवढ्यात ती माझ्या कानाशी म्हणाली, "जाऊबाई, हे थोडा वेळ उन्हात ठेवून पाहा ना."

"काहून वं?"

"सावलीत चांगलंच दिसून राहिलं. पण वास वेगळा येते. उन्हात हे मांडीले चिकटन."

मला हे पुढं सांगायचं नव्हतं. पण नवऱ्यानं कात्री खाली ठेवली होती. त्यानं एक तुकडा कापून शेडबाहेरच्या दगडावर टाकला आणि चहा पिऊन झाल्यावर त्यावर तळहात दाबला. हात उचलला तसा तुकडा हाताबरोबर वर आला.

"बरोबर बोलून राहिली ते," तो म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, कारण तिच्याकडे बघायची रीत नव्हती. लग्नाला एवढी वर्षं झाली, हे वाक्य त्यानं माझ्यासाठी कधी काढलं नव्हतं. आणि काढलं ते माझ्या तोंडाकडे बघून, दुसरीसाठी.

तेव्हापासून मला ती डोळ्यासमोर नकोशी झाली. तिच्या हातचं वरण पातळ झालं की मला बरं वाटायचं. तिचा टाका वाकडा गेला की मी तो सगळ्यांसमोर उसवायला लावायची. ती मुकाट्यानं उसवायची आणि पुन्हा घालायची. पुन्हा घातलेला टाका माझ्यापेक्षा सरळ असायचा. तिला माझा राग कळत नव्हता की कळून ती सोडून देत होती, हे मला कधी समजलं नाही, आणि त्याचाही मला राग यायचा.

एक म्हातारे ठेकेदार होते. मौद्याच्या पुढं, कच्च्या रस्त्यानं आत त्यांचं लाकडाचं काम चालायचं. त्यांची लिलावात घेतलेली जुनी जीप होती. दुसरीकडून दोनदा गाद्या शिवून घेतल्या, दोन्ही वेळा फाटल्या. ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "हे पाह्य गा, आतलं सगळं नवीन कर. पण या वेळी माल असा लाव की जंगलात टिकला पायजे."

मी आमच्याकडचं सगळ्यात जाड मरून रेक्झिन काढलं. ठेकेदारांनी त्यावर बोट फिरवलं, त्यांना आवडलं. धाकटी माझ्यामागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "जाऊबाई, गाडीत बसल्याशिवाय कसं सांगता येईन? कुठं घासते, कुठं तापते, ते इथं थोडीच समजते."

मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "हिले जीपमधी बसून फिरायचं आहे म्हणे." मला वाटलं सगळे हसतील.

ठेकेदार हसले नाहीत. "मंग चला ना," ते म्हणाले. "दोघीही चला. मी आत्ता तिकडंच जाऊन राहिलो." ते आमच्या सासऱ्यांच्या वयाचे, म्हणून घरातूनही कोणी आडवं आलं नाही.

तपासायची होती ती पुढची गादी, म्हणून पुढं धाकटी बसली. मी मागच्या आडव्या बाकावर, लोखंडी दांडा धरून. मौद्यापर्यंत ठीक होतं. त्यानंतर रस्ता संपला आणि गाडी उड्या मारायला लागली. माझं डोकं हूडच्या सळईवर आपटत होतं, तोंडात धूळ जात होती, आणि समोर तिची वेणी हलत होती. ती एकदा गादीवर हात दाबायची, एकदा मांडीखाली घालायची. समोरच्या पत्र्याला तिनं बोट लावलं आणि झटक्यानं मागं घेतलं. एका झाडाखाली तिनं ठेकेदारांना गाडी थांबवायला सांगितली, त्यांच्या जागेवर जाऊन बसली आणि क्लच दाबून पाहिला.

"पाहा ना काका, पाय दाबला की गादीची पुढची कोर मांडीखाली घासते. म्हणून इथंच फाटते." ते खाली वाकून बघत होते आणि मान डोलावत होते. मी मागं बसून होते, मला कोणी काही विचारलं नाही.

इतक्या जिपांचा माल मी निवडला होता, आणि कच्च्या रस्त्यावर चालत्या जीपमध्ये मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले होते. बसून पाहावं, ही काही मोठी विद्या नव्हती. मला सहज सुचण्यासारखी गोष्ट होती. ती तिला सुचली, हेच मला सहन होत नव्हतं.

परत आल्यावर तिनं मला सांगितलं, मी नवऱ्याला सांगितलं: कडेनं रेक्झिन लावायचं, आणि बसायच्या जागी जाड सुती कापड, घाम पिणारं. पुढची कोर दुहेरी. हे सांगून झाल्यावर मी माझंही सांगितलं. म्हटलं, सूत पाणी धरून ठेवतं, पावसाळ्यात सडेल, पूर्ण रेक्झिनच पाहिजे. ठेकेदार म्हणाले, "मंग ड्रायव्हरची गादी धाकट्या वहिनीच्या मनाची करा आणि बाजूची मोठ्या वहिनीच्या. पाहू."

जीप गेली. पूर्ण उन्हाळा मी मनातून पावसाची वाट पाहिली.

पोळ्याच्या सुमारास ठेकेदार परत आले ते नाक मुरडतच. माझ्या गादीची पुढची कोर थोडी झिजली होती, बाकी ठीक होती. तिची गादी कुठंच फाटली नव्हती, पण सुती कापडावर काळी बुरशी चढली होती आणि वास असा की जवळ उभं राहवत नव्हतं. "हिच्यावर पोतं टाकल्याशिवाय कोणी बसत नाही आता," ते म्हणाले. मी फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, तो कधी पडतो म्हणून.

तिनं वाकून वास घेतला आणि सरळ उभी राहिली. भासरे समोर होते, तरी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "जाऊबाई, तुमचंच खरं निघालं. सूत वाळत नाही, हे माझ्या ध्यानातच नाही आलं."

मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं, तिनं स्वतः होऊन हातात दिलं होतं. आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. हरल्यावर असं बोलणं मला जमलं नसतं, हे मला तिथल्या तिथं कळलं.

दोन-चार दिवसांनी तिनं दुसरीच गोष्ट शिवून आणली. खाली पूर्ण रेक्झिनची गादी, आणि वर सुती खोळ, नाड्यांनी बांधायची. उन्हाळ्यात बांधा, मळली की धुवा, पावसाळ्यात काढून ठेवा. ठेकेदारांना ती इतकी आवडली की त्यांनी आपल्या ओळखीतल्या जीपवाल्यांनाही आमच्याकडे पाठवलं. दुकानात काम वाढलं. आणि दारात गाडी उभी करून माणसं विचारायला लागली, "धाकट्या वहिनी आहेत का?" मी तिथंच बसलेली असायची.

पुढं दिरानं नागपुरातच, जरीपटक्याला वेगळं दुकान टाकलं. भांडण झालं नव्हतं, आमची शेड दोघांना पुरत नव्हती एवढंच. त्यांची भांडीकुंडी मीच बांधून दिली, आणि इतक्या हौसेनं की सासू म्हणाली, "जशी तुलेच घाई आहे." मला वाटलं होतं, आता गिऱ्हाइकं पुन्हा माझ्याकडे बघतील. निम्मी तिकडं गेली. नवरा कधीमधी जेवताना म्हणायचा, "तिकडं काम जोरात चालून राहिलं." मी पोळी त्याच्या ताटात जरा वरूनच टाकायची.

बऱ्याच वर्षांनी मौद्याकडचे एक शेतकरी आमच्याकडे आले. जुनी जीप विकत घ्यायची होती, ती दाखवायला आणली होती. "इंजिन मिस्त्रीले दाखवलं," ते म्हणाले. "आता आतला माल तुमी पाहून द्या."

दार उघडलं तशा मला खोळीच्या नाड्या दिसल्या. ते काम कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती. मी पुढच्या गादीवर बसले आणि त्यांना म्हटलं, "शेडच्या मागं नाल्यातून एक चक्कर मारा." ते चक्कर मारेपर्यंत मी सगळं पाहिलं. खोळ सोडून खालच्या रेक्झिनवर नख ओढलं. कोपऱ्यात हात घातला, शिवणीत बोट घातलं, चटई उचलली. समोरच्या पत्र्यावर तिनं जाड कापडाची पट्टी बसवली होती, तीही ओढून पाहिली. मी चूक शोधत होते, आणि ती त्या बिचाऱ्या शेतकऱ्यासाठी शोधत नव्हते. नाला संपला, चूक सापडली नाही.

"घ्या गाडी," मी म्हटलं. "आतलं काम पक्कं आहे."

"कोणी केलं असन?"

मला माहीत नाही म्हणता आलं असतं. "माझ्या धाकट्या जावेनं. जरीपटक्याला दुकान आहे."

"मंग हूडही तिथंच करून घेतो," ते म्हणाले आणि राम राम करून निघून गेले. नवरा आतून सगळं ऐकत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

त्याच आठवड्यात ती रिक्षातून उतरली. काखेत कॅनव्हासचं बंडल. तिला आता चष्मा लागला होता. "जाऊबाई, तुमी पाठवलेल्या माणसाचं हूड आहे. हा कॅनव्हास आणला मी. पाहून द्या ना."

मी बंडल उलगडलं, उन्हाकडे धरलं. मग दुकानातल्या पोरांना चार कोपरे धरायला लावून मधल्या झोळीत तांब्याभर पाणी ओतलं. आधी काही झालं नाही. जरा वेळानं खालच्या बाजूला थेंब जमले आणि टपटप पडायला लागले.

"हे चालत नाही," मी म्हटलं. "पहिल्याच पावसात गळन."

"वाटलंच मले," ती म्हणाली. "हूडातलं मले समजतच नाही. तुमीच करून द्या हे." तिनं चहा घेतला, माझ्या गुडघ्याचं विचारलं आणि आलेल्या रिक्षानंच परत गेली.

ती गेल्यावर मी तो ओला कॅनव्हास पुन्हा ताणून धरायला लावला आणि पुन्हा पाणी ओतलं. खरंच गळत होता. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. संध्याकाळी मी इतवारीत गेले, दुकानदाराला सगळी थानं खाली काढायला लावली आणि दुसरा कॅनव्हास घेऊन आले.